कळवण्याजोगं तेवढंच

एप्रनच्या खिशात फोन थरथरला तेव्हा रेजीमोलचा डावा अंगठा चाको अच्चायनच्या दंडावरच्या शिरेवर टेकलेला होता आणि उजव्या हातात सुई होती. तिने सुई घातली, रक्त नळीत चढताना पाहिलं, पट्टी चिकटवली, डायलिसिसचं यंत्र सुरू केलं, पहिले आकडे तक्त्यावर लिहिले, आणि मगच हात धुऊन फोन काढला. वॉर्डातल्या नर्सांच्या ग्रुपवर टिंटूने आपल्या निकालाचा फोटो टाकला होता. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं, चारही ठिकाणी साडेतीनशे किंवा थोडं वर. खाली अकरा जणींनी विमानांची आणि केकची चित्रं डकवली होती. रेजीने स्वतःचा निकाल सकाळी साडेसहालाच, कोट्टयमला येणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या पाहिला होता आणि कुणालाही सांगितला नव्हता. परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या त्या परीक्षेचे बाकीचे तीन भाग तिने केव्हाच पार केले होते. उरलं होतं लिहिणं. उत्तीर्ण व्हायला तीनशे पन्नास लागत आणि तिला तीनशे चाळीस मिळाले होते. चौथ्यांदा तीनशे चाळीस. बिघडलेल्या तापमापकातला पारा एकाच रेघेवर चिकटून बसावा, तसं. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या इस्पितळाने तिच्यासाठी धरून ठेवलेली नोकरी परीक्षेच्या आणखी एका खेपेपुरती होती. तीन आठवड्यांनी कोचीत ती परीक्षा होती, त्यानंतर ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होते, आणि तसं त्यांनी नम्र भाषेत कळवलंही होतं.

हेवा हा शब्द तिला तेव्हा सुचला नाही. तोंडात फक्त धातूची चव आली. यंत्रावरचे रुग्ण या चवीची तक्रार करत, सिस्टर, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणत, आणि ती त्यांना लिंबाची फोड देई. आता तिने स्वतःसाठी फोड कापली नाही. फोटो मोठा करून ती शेवटच्या ओळीतला आकडा पाहत राहिली. तीन, पाच, शून्य. टिंटू! दोन वर्षांपूर्वी ही मुलगी वॉर्डात आली तेव्हा तिचा हात इतका थरथरायचा की रेजी मागे उभी राहून तिचं मनगट धरायची. परीक्षेचा अर्ज भरायचं ठरलं तेव्हाही बुधवारी दुपारी कॅन्टीनमध्ये पत्रं लिहून घ्यायची ती रेजीच. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, हा टिंटूचा आवडता प्रमाद. रेजी त्याखाली लाल रेघ ओढायची आणि टिंटू थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणायची, चेची, तुमच्या रेघा बघून मला माझ्याच पत्राला जखम झाल्यासारखं वाटतं. रेजीला ते वाक्य आवडलं होतं. रेघ ओढताना हाताला जी स्थिरता येते तीही आवडायची. ती स्थिरता आज कुणीतरी काढून घेतली होती, आणि गंमत अशी की त्या मुलीच्या पत्रात जे काही बरोबर होतं, त्यातलं निम्मं तरी रेजीचंच होतं. आपण उसनं दिलेलं भांडं घासून पुसून शेजारणीच्या फळीवर चमकताना दिसावं आणि मागता येऊ नये, असं काहीतरी.

पावणेदोनला टिंटू बेकरीतल्या पफचा खोका घेऊन आली. "चेची, माझा तर विश्वासच बसेना," ती म्हणाली. "शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा माझा एकच परिच्छेद झाला होता. मग उरलेलं बरंचसं गाळलं आणि सही ठोकली. तुमचं काय झालं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"तीनशे चाळीस."

टिंटूचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते अश्रू. खोटे असते तर रेजीला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, पफ थंड होतील, आधी वाट. यंत्राला जोडलेले चाको अच्चायन डोळे मिटून सगळं ऐकत होते. टिंटू पुढे गेल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. तुम्ही नापास व्हावं म्हणून. ही पोर गेली तर जाऊ दे खुशाल. तिची सुई म्हणजे रबराच्या झाडाला चीक काढायला लावलेला चाकू." रेजी हसली. आठवड्यातून तीनदा इथे येऊन पडणाऱ्या माणसाला सुई कुणाच्या हातची आहे हे डोळे मिटूनही कळतं. त्याला ना गुण देण्याचा तक्ता लागतो, ना रकाने. तिच्या चौदा वर्षांवर एवढा स्वच्छ अभिप्राय कुणी दिला नव्हता, आणि तो नेमका तिच्याविरुद्ध लावलेल्या मेणबत्तीतून यावा.

परीक्षेचा गुण देण्याचा तक्ता तिला पाठ होता. परीक्षा घेणाऱ्यांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवलेला होता. कुणी म्हणू शकत नव्हतं की निकष लपवलेत. सहा रकाने: पत्राचा हेतू, मजकूर, नेमकेपणा, शैली, मांडणी, भाषा. प्रत्येकाला पायऱ्या. वरच्या पायरीवर लिहिलं होतं की चुका क्वचित आढळतात, खालच्या पायरीवर लिहिलं होतं की चुका अधूनमधून आढळतात. क्वचित म्हणजे किती आणि अधूनमधून म्हणजे किती, हे कुठेच नव्हतं. बी.एस्सी. नर्सिंगला येण्याआधी एक वर्ष तिने भौतिकशास्त्र घेतलं होतं, आणि तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मापायला एकक नसेल तर ते माप नव्हे, ते मत. रोज सकाळी ती रुग्णांना काट्यावर उभं करी. चाको अच्चायनचं ड्राय वेट, जादा पाणी सोडून उरणारं वजन, एकोणसाठ किलो. ते आज एकसष्ट आठशे भरले तर दोन किलो आठशे ग्रॅम पाणी काढायचं. काट्यासमोर रेजी उभी असो की टिंटू, आकडा तोच. तिच्या पत्राला मात्र काटा नव्हता. कुठल्या तरी थंड गावात दोन माणसं ते वाचत असणार, एक सकाळी, एक कदाचित जेवण झाल्यावर, आणि अधूनमधून की क्वचित ते ठरवत असणार. लिहिलेला कागद पुन्हा दिसत नसे. दुसऱ्या वेळी तिने फेरतपासणी मागितली तेव्हा काही आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं होतं: बदल नाही. कशात बदल नाही, हे तिला आजवर कळलेलं नव्हतं.

या वेळच्या प्रश्नात एक म्हातारा होता. मिस्टर डॉयल, वय एकाहत्तर, खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले, घरी निघालेले, बायको वारलेली, पेनिसिलिनची ॲलर्जी, कबुतरांचा नाद, घरात एक मोठा कुत्रा. टिपणं वाचून गावातल्या नर्सला पत्र लिहायचं, आणि त्यातलं कळवण्याजोगं तेवढंच लिहायचं. रेजीने कबुतरं सोडली होती. कुत्रा मात्र लिहिला होता. वॉकर धरून चालणाऱ्या माणसाच्या पायात मोठा कुत्रा घुटमळला तर दुसरा खुबा जाईल. तिने कुत्रा पाहिला, त्याची शेपटी पाहिली, स्वयंपाकघरातली गुळगुळीत फरशी पाहिली आणि दोन ओळी लिहिल्या. परीक्षेनंतर ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांचं त्यांचं मत वेगळं. दुसऱ्या क्लासच्या ओमना टीचर म्हणाल्या, कुत्रा उत्तम, त्यातून तुझी जाण दिसते. त्यांच्याच शेजारी बसणारे गृहस्थ म्हणाले, कुत्रा म्हणजे नेमकेपणाच्या रकान्यात थेट एक पायरी खाली. वॉर्डात तर म्हणच पडली की रेजीचे दहा गुण कुत्र्याने खाल्ले. आणि तिच्या स्वतःच्या क्लासचे कुरुविळा सार, कॉलेजातून निवृत्त झालेले, लुंगीसारखं मुंडू गुडघ्यावर दुमडून बसणारे, म्हणायचे की परीक्षक हा कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्रीसारखा असतो. पाप तुझं, पण प्रायश्चित्त त्याच्या मर्जीचं. त्यांना रेजीच्या पत्रातला खरा रोग वेगळाच वाटायचा. चौदा वर्षं तक्ते भरून तिच्या हाताला इस्पितळाची भाषा चिकटली होती. रक्तदाबाचा त्रास आहे, असं सरळ न लिहिता ती लिहायची, रक्तदाबाची नोन केस, म्हणजे आधीपासून ठाऊक असलेला रुग्ण. सार म्हणायचे, अगं, नोन केस म्हणजे पोलिसांच्या दप्तरातला गुंड. तिकडच्या माणसाला वाटेल, म्हातारा फरारी आहे. ती हसायची, खोडायची, आणि घड्याळाकडे पाहत घाईत लिहायला लागली की तिचा हात पुन्हा तेच लिहायचा. टिंटूच्या हाताला ही सवय लागायला वेळच मिळाला नव्हता. म्हणजे मग तिला दहा गुण जास्त मिळाले ते कशाचे? कमी माहीत असण्याचे? कमी वर्षं काम केल्याचे?

रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर टिंटूच्या आईभोवती बायकांचा घोळका होता. सासूबाई वाटेत म्हणाल्या, आपल्याकडेच शिकली म्हणे ती. त्यात टोमणा होता की अभिमान, हे रेजीला ठरवता आलं नाही. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, त्याच्या बैलाचा, गाढवाचा धरू नको, असं तिने लहानपणी घोकलेलं होतं. शेजारणीच्या गुणांविषयी त्यात काही नव्हतं. आठवडाभर ती टिंटूच्या चुका शोधत होती. टिंटूने यंत्राची नळी भरताना बुडबुडा राहू दिला, तिने पाहिलं. तक्त्यावर वेळ लिहायला विसरली, तिने पाहिलं. बुडबुडा तिनेच टिचकी मारून घालवला, वेळ तिनेच लिहिली, आणि दोन्ही वेळा मनात एक बारीक, गोड टोचणी झाली, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तशी. पण खरी हाव वेगळी होती. तिला ते पत्र पाहायचं होतं. साडेतीनशेचं पत्र दिसतं कसं, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

बुधवारी कॅन्टीनमध्ये तिने ते मागितलं. म्हणाली, आठवेल तसं लिहून दे, मला शिकायला होईल. टिंटू इतकी संकोचली की तिचे कान लाल झाले. मी काय शिकवणार तुम्हाला, असं दोनदा म्हणून तिने तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं, आणि अर्ध्या तासात गोल गोल अक्षरांतलं ते पत्र रेजीच्या हातात होतं. लहान होतं. वाक्यं तोकडी होती, पण मोडकी नव्हती. पहिल्याच ओळीत पत्र कशासाठी ते सांगितलेलं. कुत्रा नव्हता, कबुतरं नव्हती. तिसऱ्या परिच्छेदात पेनिसिलिनची ॲलर्जी, एका ओळीत, स्वच्छ. रेजीने दोनदा वाचलं. खोट सापडेल म्हणून वाचलं होतं आणि ती सापडली नाही. पत्र बरं होतं. तिच्यापेक्षा बरं होतं का, हे मात्र तिला कळेना, आणि हे न कळणंच सगळ्यात जास्त जाळत होतं. टिंटू समोर बसून विचारत होती, चेची, काही चुकलंय का? रेजी म्हणाली, नाही, छान आहे.

मग तिला ती कल्पना सुचली, आणि सुचताक्षणी ती इतकी निर्मळ वाटली की तिला आठवडाभरात प्रथमच मोकळा श्वास घेता आला. आपलं पत्रही आठवून लिहायचं. दोन्ही पत्रं एकाच अक्षरात, एकाच शाईने, एकसारख्या कागदावर उतरवायची आणि कुरुविळा सारांना द्यायची. कुणाचं कोणतं ते सांगायचं नाही. नाव नाही, अक्षराची ओळख नाही, फक्त पत्र. परीक्षा घेणाऱ्यांनी जे उघड केलं नव्हतं ते निदान एका माणसाच्या टेबलावर तरी उघड होईल. सारांचा वाचनाचा वेळ मिळणं सोपं नव्हतं. परीक्षेआधी प्रत्येकीला एकदाच, वीस मिनिटं. तिची पाळी शुक्रवारी चारला होती. गुरुवारी तिला सुट्टी होती. दुपारी घर रिकामं असताना ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली. अंगणात वाळत घातलेल्या रबराच्या चादरींचा आंबूस वास खिडकीतून येत होता. आधी तिने स्वतःचं पत्र उतरवलं, जसंच्या तसं, कुत्र्यासकट, नोन केससकट. प्रामाणिकपणाचा तिला थोडा अभिमानही वाटला. मग टिंटूचं घेतलं. पहिला परिच्छेद, दुसरा. तिसऱ्यात ती ॲलर्जीच्या ओळीपाशी आली, आणि पेन तिच्या पुढच्या ओळीवर गेलं. नजर चुकली, असं ती पहिला क्षणभर स्वतःला म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये खूण करून ओळ वर लिहिता आली असती. वॉर्डात दिवसातून दहा वेळा ती तसं करायची. ती बसून राहिली. गेल्या चौदा वर्षांत तिने ॲलर्जीची नोंद एकदाही चुकवली नव्हती. लाल शाईने, चौकटीत, पानाच्या माथ्यावर. प्रयोगात एकाच गोष्टीत बदल करावा आणि बाकी सगळं स्थिर ठेवावं, हेही तिला भौतिकशास्त्राच्या त्या बाईंनीच शिकवलं होतं. तिने पत्र पूर्ण केलं. अक्षर जराही हललं नव्हतं.

शुक्रवारी सारांनी टेबलावरचं घड्याळ वीस मिनिटांवर लावलं आणि हात पुढे केला. तिने टिंटूचं पत्र वर ठेवून दिलं. क्रम मुद्दाम लावायचा नाही असं ती जिना चढताना ठरवून आली होती, तरी ठेवलं वरच. एक माझं आहे, एक दुसऱ्या कुणाचं, दोन्ही सारखीच तपासा, एवढं ती बोलली. सार म्हणाले, म्हणजे आज माझीच परीक्षा. मुंडू सावरून त्यांनी वरचं पत्र वाचायला घेतलं. पहिल्या ओळीपाशी बरोबरची खूण, दुसऱ्या परिच्छेदाशी आणखी एक. "वा," ते म्हणाले. "हिला थांबायचं कुठे ते कळतं." ती समोर बसून प्रत्येक खूण उलटी वाचत होती, आणि प्रत्येक खुणेसरशी जिभेवरचं ते नाणं जड होत होतं. मग सार थबकले. कागद उलटला, परत सुलटा केला. फायलीतून मुलींनी आठवून लिहून दिलेला प्रश्न काढला आणि बोट ठेवून ताडून पाहिला.

"ॲलर्जी कुठाय?"

तिने टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाकीच्या रकान्यांत सोनं भरलेलं असू दे," सार म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता इतका शांत होता. "या पत्राने तो माणूस मरेल. नापास." त्यांनी लाल पेनाने कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली.

रेजीच्या अंगातून काहीतरी स्वच्छ, थंड वाहत गेलं. अखेर एक काटा सापडला होता. क्वचित नाही, अधूनमधून नाही. आहे किंवा नाही. टिंटू नापास. दोन, फार तर तीन श्वासांपुरतं ते सुख तिच्याकडे होतं. तेवढ्यात सार म्हणाले, "हे तुझं नाही. तू कुत्रा लिहिशील, कुत्र्याची पिल्लं लिहिशील, पण ॲलर्जी गाळणार नाहीस. तुम्ही दोघी एकाच दिवशी बसला होतात. हे टिंटूचं." त्यांनी फोन जवळ ओढला. "तिचे कागद अजून त्या एजंट जोसकडेच पडलेत ना? माझ्याच हाताखाली शिकलाय तो. म्हणावं, थांबव. वर्षभर आणखी वॉर्डात राहू दे पोरीला. उद्या तिकडे कुणी दगावलं तर आपल्या सगळ्यांच्या तोंडाला काळं."

सार चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधू लागले. त्यांचं बोट पडद्यावरून हळूहळू सरकत होतं. रेजीला वाटलं, सापडू नये. मग वाटलं, सापडावा. दोन्ही तितकंच खरं होतं. टिंटूचं मनगट तिला आठवलं, बारीक, घामेजलेलं, सुई शिरेत बरोबर गेली की एकदम सैल पडणारं.

"नाही सार," ती म्हणाली. "ते माझं आहे."

"तुझं?"

"हो. ती ओळ मी गाळली."

सारांनी फोन पालथा ठेवला. चष्मा खाली घेऊन ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्या नजरेत राग नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलीने पहिल्यांदा रक्त पाहून डोळे मिटले की वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर तिच्याकडे जशा पाहतात, तसं ते पाहत होते. "मग आता कळलं ना, चार वेळा काय झालं ते?" ते हळूच म्हणाले. "आणि आम्ही बिचाऱ्या कुत्र्याला बोल लावत बसलो. त्यांचे निकष दिसत नाहीत, त्यांचे निकष दिसत नाहीत, म्हणून तू माझं डोकं खाल्लंस. निकष काय करतील, मोळे, माझ्या पोरी? डोळ्यांसमोरची ओळ तुलाच दिसली नाही." तिच्या खऱ्या पत्रात ती ओळ होती, पहिल्याच परिच्छेदात होती; आधीच्या तिन्ही पत्रांतही अशी कुठली ओळ सुटली नव्हती. ते सांगायला दोनच वाटा होत्या: एक जोसच्या फोन नंबरावरून जात होती, दुसरी गुरुवारच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून.

सारांनी मग शिकवायला घेतलं. ॲलर्जी म्हणजे काय, शरीर औषधाला शत्रू कसं समजतं, घसा कसा सुजतो, किती मिनिटांत श्वास कोंडतो. कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाने कुठूनतरी वाचून ठेवलेलं ते सगळं होतं, आणि दोन ठिकाणी चुकीचं होतं. तिने दुरुस्त केलं नाही. लिहून घे, ते म्हणाले, तेव्हा तिने वही काढून लिहून घेतलं. असा घसा सुजलेला माणूस तिने दोनदा आपल्या हातांनी परत आणला होता. घड्याळाचा काटा सरकत होता, दाराबाहेर पुढच्या मुलीच्या चपला वाजत होत्या, आणि दुसरं पत्र सारांच्या कोपराखाली होतं, घडीसुद्धा न उलगडलेलं. त्यात कुठेतरी ते दहा गुण होते. कोचीची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि यापुढे तिचं पत्र वाचायला कुणाकडे वेळ नव्हता. घड्याळ वाजलं. सार उठले. कोपराखालचा कागद त्यांना दिसला, तसा त्यांनी तो उचलून तिच्या हातात दिला.

"हे म्हणजे टिंटूचं. ते तर पासच आहे, त्यात काय बघायचं? नेऊन दे तिला."

"देते सार," रेजी म्हणाली.